अल्लामा शिबली नोमानी : मदरसा आणि कॉलेज जोडणारा उस्ताद

बारावीचा निकाल लागला की पालक आमच्याकडे येतात. मुलाला किंवा मुलीला इस्लामिक स्टडीज घेऊन बी.ए. करायचे असते आणि घरात दोन मते असतात. दीन शिकायचा तर मदरशात जावे, कॉलेजात दीन कसला, असे आजोबा म्हणतात. वडिलांना नोकरीची काळजी. अशा वेळी आम्हाला अल्लामा शिबली नोमानी आठवतात.

शिबली यांचा जन्म 1857 साली आझमगढ जिल्ह्यातल्या बिंदवल गावचा. शिक्षण सगळे जुन्या पद्धतीचे. मौलाना फारूक चिरय्याकोटी यांच्यासारख्या उस्तादांकडे ते अरबी, फारसी, फिक्ह, हदीस शिकले. घरच्यांच्या इच्छेखातर वकिलीची परीक्षाही दिली, पण त्यात मन रमले नाही. 1883 साली ते अलीगढच्या एम.ए.ओ. कॉलेजात अरबी शिकवायला गेले आणि आयुष्याला वळण लागले.

तिथे सर सय्यद अहमद खान यांनी आपला ग्रंथसंग्रह त्यांच्यासाठी खुला केला. त्यात युरोप आणि मिसरमध्ये छापलेली अरबी पुस्तके होती. थॉमस अर्नोल्ड नावाचे इंग्रज प्राध्यापक तिथे फिलॉसॉफी शिकवत. शिबलींनी त्यांना अरबी शिकवली आणि त्यांच्याकडून स्वतः फ्रेंच शिकले. पगडीवाला मौलवी एका इंग्रजाचा उस्तादही झाला आणि शागिर्दही!

1892 साली दोघे मुंबईहून एकाच जहाजाने निघाले. वाटेत जहाजाचे इंजिन बंद पडले. शिबली घाबरून अर्नोल्डना शोधत गेले, तर ते शांतपणे पुस्तक वाचत बसलेले. वेळ थोडाच उरला असेल तर तो वाचनात घालवावा, असा त्यांचा हिशोब होता. ही गोष्ट शिबलींनी आपल्या सफरनाम्यात लिहून ठेवली. पुढे इस्तंबूल, बैरूत, जेरुसलेम, काहिरा इथे त्यांनी कुतुबखाने आणि मदरसे पाहिले.

त्यांच्या अभ्यासाची पद्धत आजच्या विद्यापीठातल्या संशोधनाशी जुळते. बातमी कोणी सांगितली, तो माणूस भरवशाचा होता का, ती अकलेला पटते का, हे ते तपासत. मुहद्दिसांची जुनी शिस्त आणि नवा इतिहास त्यांनी एकत्र आणला. हजरत उमर (रजि.) यांच्यावरचे 'अल-फारूक' 1899 साली आले, त्यात हे दिसते.

सर सय्यद यांच्या निधनानंतर त्यांनी अलीगढ सोडले. काही वर्षे हैदराबादला राहून 1905 मध्ये लखनौच्या नदव्यात आले. मदरशाच्या मुलांनी इंग्रजी शिकावी यासाठी ते झटले. पण काही उलेमांना ते फार नवे वाटत, आणि कॉलेजवाल्यांना फार जुने. 1907 मध्ये घरात बंदूक सुटून त्यांचा एक पाय गेला, तरी काम थांबले नाही. विरोध वाढला तेव्हा 1913 मध्ये त्यांनी नदव्यातल्या पदाचा राजीनामा दिला.

शेवटचे काम होते 'सीरतुन्नबी'. भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ यांनी त्यासाठी मदत सुरू केली होती. ते अपुरे असतानाच 18 नोव्हेंबर 1914 रोजी शिबलींचा इंतकाल झाला. त्यांचे शागिर्द सय्यद सुलेमान नदवी तेव्हा आपल्या पुण्यात, डेक्कन कॉलेजात फारसी शिकवत होते. उस्तादांसाठी त्यांनी ती नोकरी सोडली आणि आझमगढ गाठले. शिबलींनी वक्फ केलेल्या बंगल्यात दारुल मुसन्निफीन उभे राहिले. सीरतचे सात खंड झाले. पहिले दोन उस्तादांचे, पुढचे शागिर्दाचे.

म्हणून पालकांना आम्ही एवढेच सांगतो. मुलाला दोन्हीपैकी एक दार बंद करायला लावू नका. कॉलेजात जाणाऱ्याला अरबी नीट शिकू द्या, तरजुम्यावर भागवू नका. मदरशातल्याला इंग्रजी आणि इतिहास द्या. नोकरीची काळजी रास्तच आहे, बी.ए.नंतर बी.एड., ग्रंथालय, भाषांतर, संशोधन हे रस्ते आहेत. मेहनत मात्र शिबलींसारखी हवी. ज्या मौलवीने अलीगढच्या कॉलेजात शिकवता शिकवता फ्रेंच शिकली, त्याच्या हातून इल्मचे काही नुकसान झाले नाही.

अल्लाह आपल्या मुलांना नफा देणारे इल्म देवो. आमीन.