स्मृतिचित्रकार लक्ष्मीबाई टिळक

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी कुणा थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे असे ठरले, तेव्हा झाशीची राणी, जिजाबाई ही नावे इतर भगिनींनी आधीच घेतली होती. मला त्याचे वाईट वाटले नाही. मला लिहायचे होते ते लक्ष्मीबाई टिळकांवरच. त्यांनी तलवार धरली नाही, सभाही गाजवल्या नाहीत. चूल सांभाळून, मुले वाढवून, लहरी नवऱ्याच्या मागे धावून झाल्यावर जो वेळ उरला त्यात त्या लिहीत गेल्या. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई मराठीतले एक उत्तम आत्मचरित्र कसे लिहू शकली, याचे मला, सातवीपर्यंत शिकलेल्या बाईला, फार नवल वाटते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, सत्तावनच्या बंडापायी फाशी झाली. त्याचा लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर असा आघात झाला की, त्यांना सोवळ्याचे वेडच लागले. बाहेरून आलेले जिन्नस धुवायचे, हा शिवला, तो शिवला, पुन्हा आंघोळ! घरातल्या बायकामुलांचे किती हाल झाले असतील ते ज्या घरी सोवळेओवळे कडक असते त्या घरच्या सुनांना सांगायला नको. पण लक्ष्मीबाई हे सारे सांगतात ते हसत हसत. वाचताना आपण आधी हसतो आणि मग त्यांच्या आईची आठवण होऊन गप्प बसतो.

१८८० साली, अकराबारा वर्षांच्या असताना, त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. हेच पुढे फुलामुलांचे कवी म्हणून प्रसिद्ध झाले. माणूस बुद्धिमान, मनाचा मोठा, पण संसाराला अगदी निरुपयोगी. हातात पैसा आला की तो गरजवंताच्या हातात जायचा, आणि मनात आले की स्वारी न सांगता घरातून बाहेर पडायची. आज या गावी नोकरी तर उद्या त्या गावी. मागे राहिलेल्या बायकोने काय शिजवावे, याचा विचार कवीने करायचा नसतो की काय कोण जाणे! मला तरी टिळकांची ही तऱ्हा सहजी माफ करवत नाही. मात्र बायकोला अक्षरओळख करून दिली ती त्यांनीच, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. जोडाक्षरांशी झटापट करीत लक्ष्मीबाई वाचायला शिकल्या.

खरा घाला पुढेच होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. बातमी कळली तेव्हा लक्ष्मीबाईंच्या पदरी तीनचार वर्षांचा दत्तू होता. आधीची मुले हाती लागली नव्हती. नवरा जिवंत असून नाही अशी ती स्थिती. सवाष्ण म्हणावे तरी पंचाईत, न म्हणावे तरी पंचाईत. दुःखाने त्या वेड्यापिशा झाल्या. बहिणीच्या आधाराने पंढरपुरास राहिल्या. सुमारे पाच वर्षे अशी गेली. मग मुलासह त्या पतीकडे अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) गेल्या, पण धर्म बदलून नव्हे. आपला स्वयंपाक वेगळा, आपले पाणी वेगळे, असा त्यांचा संसार सुरू झाला.

यापुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. नवरा सांगतो म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. जातपात देवाने केली की माणसांनी, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाला घातला, उत्तर सापडले तेव्हा आधी शिवाशीव सोडली, आणि मग १९०० साली बाप्तिस्मा घेतला. कुणाला त्यांचा निर्णय पटेल, कुणाला पटणार नाही. मी स्वतः देवपूजा करणारी आहे. पण ज्या घरात धुतल्याशिवाय जिन्नस आत येत नव्हता, त्या घरच्या मुलीने हा पल्ला एकटीने गाठला, हे कबूल करावेच लागते.

नगरचे घर म्हणजे धर्मशाळाच. अनाथ मुले येत, पाहुणे येत, कवी येत. बालकवी ठोमरे याच घरी राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर आईची माया केली. याच राबत्यात त्या स्वतः कविता रचत. लिहिण्यासाठी वेगळी खोली नव्हती, वेगळी वेळ नव्हती. कविता जुळायची ती कामाच्या हातानेच.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. लक्ष्मीबाईंचे वय तेव्हा पन्नाशीचे. मुंबईत मुलींच्या वसतिगृहावर देखरेख केली, काही काळ कराचीसही काढला. टिळकांचे चरित्र लिहावे अशी मुलाची, देवदत्तांची, इच्छा होती. त्यासाठी आठवणी हव्या होत्या, म्हणून आईने लिहायला घेतले, आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ झाली. पहिला भाग १९३४ साली निघाला. भाषा अशी की ओसरीवर बसून बाई आपल्याशीच बोलताहेत. नवऱ्याच्या खोड्या सांगितल्या तशा स्वतःच्याही सांगितल्या, आणि कुठेही रड नाही. १९५० साली हे पुस्तक इंग्रजीत गेले, २०१७ साली शांता गोखले यांनी ते पुन्हा इंग्रजीत आणले.

स्मृतिचित्रांखेरीज आणखी एक काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले होते. येशूच्या चरित्रावरचे ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य टिळकांनी आरंभले होते, पण दहाअकरा अध्यायांवर ते थांबले. उरलेले ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. पन्नाशीनंतर, जोडाक्षरांशी झगडलेल्या हाताने! २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या. स्मृतिचित्रांचा अखेरचा भाग देवदत्तांनी पुरा केला. ‘ख्रिस्तायन’ छापून आले १९३८ साली, तेव्हा ते हातात घेऊन पाहायला दोघांपैकी कुणीच नव्हते.