भागिले किती?

रत्नागिरीतल्या बऱ्याच घरांना परळ ठाऊक असतं. कुणाला केईएमला किंवा टाटाला न्यायचं असलं की तिकडे जावंच लागतं. तिथेच जवळ हाफकिन संस्था आहे. हे हाफकिन कोण, कधी विचार केलाय?

वाल्डेमार हाफकिन. जन्म १८६०, गाव ओडेसा. पॅरिसला पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९३ मध्ये ती घेऊन भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. गिरण्यांमधले आपले चाकरमानी जमेल तसे कोकणात परतू लागले (२०२० आठवलं ना?). सरकारने हाफकिनना मुंबईला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक कारकून, तीन शिपाई. एवढ्यावर तीनेक महिन्यांत लस तयार! १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली.

पण एक माणूस वाचला म्हणजे लस चालते, असं थोडंच आहे? त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे दीडशे कैदी लस घ्यायला तयार झाले, सुमारे १७० जणांनी घेतली नाही. छप्पर तेच, जेवण तेच. पुढे लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, सहा गेले. घेतलेल्यांपैकी दोघांना झाला, दोघेही वाचले.

आता वहीत मांडा. १२ भागिले १७०, म्हणजे शंभरात सात. २ भागिले १५०, म्हणजे शंभरात जेमतेम सव्वा. धोका पाचपट कमी. साथरोगशास्त्रात याला सापेक्ष जोखीम म्हणतात. नाव जड आहे, गणित सातवीचं. एक शंका मात्र उरते. पुढे आलेले कैदी मुळातच धडधाकट असले तर? म्हणून आज कुणाला लस द्यायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात.

हेच गणित पुढे त्यांच्यावर शेकलं. ऑक्टोबर १९०२, पंजाबातलं मुल्कोवाल गाव. १०७ जणांना लस दिली, त्यातले १९ धनुर्वाताने दगावले. दोष परळच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिनवर आला आणि त्यांचं पद गेलं. खरं तर १९ भागिले १०७ हा हिशेबच चुकीचा होता. दगावलेले सगळे एकाच बाटलीतली लस घेतलेले. त्या बाटलीचे १९ पैकी १९, बाकी बाटल्यांचे ८८ पैकी शून्य! मग दोष लशीत कसा असेल? गावात ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, हेही पुढे आलं.

एवढं साधं मान्य व्हायला १९०७ उजाडलं. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ लंडनच्या वर्तमानपत्रातून त्यांच्या बाजूने लिहीत राहिले, तेव्हा कुठे डाग पुसला गेला. हाफकिन भारतात परत आले, पण कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. तिला त्यांचं नाव दिलं गेलं ते १९२५ मध्ये. पाच वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये, लोझानला ते वारले.