हान्स विल्सडॉर्फ : किल्लीवाचून चालणाऱ्या घड्याळाचा ध्यास

दक्षिण जर्मनीतील कुल्मबाख या लहानशा शहरी इ. स. १८८१ च्या मार्च महिन्यात, २२ तारखेस, हान्स विल्सडॉर्फ यांचा जन्म झाला. बालपणीच आई गेली, मागोमाग वडीलही गेले, आणि वयाच्या बाराव्या वर्षी ते पोरके झाले. नातलगांनी वडिलांचा व्यापार विकून तो पैसा या तिघा भावंडांच्या शिक्षणासाठी लावला. कोबुर्ग येथील वसतिगृहात राहून हान्स शिकले. गणित आणि भाषा यांत त्यांची विशेष गती होती.

इ. स. १९०० मध्ये स्वित्झर्लंडातील ला शो-द-फों या घड्याळांच्या गावी एका पेढीत त्यांस इंग्रजी पत्रव्यवहाराची नोकरी लागली. तेथे त्यांजकडे आणखी एक काम असे. खिशात ठेवावयाच्या शेकडो घड्याळांना रोज किल्ली द्यावयाची आणि ती वेळ बरोबर दाखवितात की नाही हे तपासावयाचे! काम कंटाळवाणे खरे, परंतु घड्याळाची नाडी त्यांस तेथेच कळली असावी, असे आम्हांस वाटते.

१९०५ साली लंडनमध्ये आल्फ्रेड डेव्हिस यांच्यासह त्यांनी स्वतःची पेढी काढली. मनगटी घड्याळ हा त्या काळी स्त्रियांचा अलंकार समजला जाई. एवढ्याशा यंत्राकडून अचूकपणाची अपेक्षा कोणी करीत नसे. विल्सडॉर्फांनी ती केली. १९०८ मध्ये त्यांनी ‘रोलेक्स’ हे सुटसुटीत नाव नोंदविले, आणि १९१४ च्या जुलैत इंग्लंडच्या क्यू वेधशाळेने ४५ दिवसांच्या कसोटीनंतर त्यांच्या मनगटी घड्याळास पहिल्या श्रेणीचे प्रमाणपत्र दिले. पुढल्याच महिन्यात इंग्लंड महायुद्धात उतरले. आयात मालावरील जबर करामुळे धंदा लंडनहून हलवावा लागला व अखेर तो जिनीव्हास स्थिरावला.

१९२६ मध्ये त्यांनी पाणी न शिरणारे ‘ऑयस्टर’ घड्याळ काढले. ऑयस्टर म्हणजे कालव. कारवारचा बाजार पाहिलेल्यांस कालवाचे मिटलेले शिंपले किती घट्ट असतात हे सांगावयास नको. पुढल्या वर्षी मर्सिडीस ग्लाइट्झ या जलतरणपटूने इंग्लिश खाडीत पोहताना ते अंगावर बाळगले. थंडीमुळे तिला त्या खेपेस मध्येच बाहेर काढावे लागले. घड्याळ मात्र चालूच होते.

तरी एक उणीव उरलीच. किल्ली देण्यासाठी तिची आटेदार टोपी रोज उघडावी लागे आणि ती पुन्हा आवळावयाची राहून गेली की पाणी आत शिरे. आमच्या दिग्गीच्या पावसात तर असे घड्याळ एक आषाढही टिकते ना! आपोआप किल्ली बसणारे मनगटी घड्याळ जॉन हारवूड या इंग्रजाने आधीच सिद्ध केले होते, पण त्यातील वजन मर्यादित टप्प्यातच मागेपुढे हले. १९३१ मध्ये रोलेक्सने पूर्ण वर्तुळात फिरणारे अर्धचंद्राकृती वजन बसविले. हात हलला की ते फिरते व कमान गुंडाळली जाते. बंगळूरच्या एच. एम. टी. कारखान्याने पुढे काढलेले ‘कांचन’ घड्याळही असेच मनगटाच्या हालचालीवर चाले. कोणाच्या आजोबांपाशी ते अद्याप असेल.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या छावण्यांतील ब्रिटिश बंदिवान अधिकाऱ्यांनी घड्याळे मागविली, तेव्हा जन्माने जर्मन असलेल्या विल्सडॉर्फांनी ती पाठविली आणि पैसे युद्ध संपल्यावर द्यावेत असे कळविले. हे बंदिवान जिवंत सुटतील की नाही, युद्ध कोण जिंकेल, हे तेव्हा कोणास ठाऊक होते? यात व्यापारी धोरणही असेल. पण शत्रूच्या तुरुंगातील माणसास उधार देणारा व्यापारी तुम्हांस विरळाच आढळेल.

१९४४ मध्ये त्यांच्या पत्नी वारल्या. मूलबाळ नव्हते. तेव्हा त्यांनी एक धर्मादाय निधी स्थापून कंपनीतील आपली सारी मालकी हळूहळू त्याच्या नावे केली. ६ जुलै १९६० रोजी जिनीव्हा येथे त्यांचे देहावसान झाले. कंपनी आजही त्या निधीच्याच मालकीची आहे.