कस्तुरबा गांधी : कुंपणाआडची अखेर

हुबळी-धारवाडकडील जुन्या मंडळ्यांना युद्धकाळातील स्थानबद्धता ऐकून ठाऊक आहे. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांना अहमदनगरच्या छावणीत नेऊन ठेवण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात पुण्यास येरवड्याजवळ आगाखान पॅलेसमध्येही बंदिवानांची छावणी होती. मात्र तेथे याच देशाची माणसे डांबली होती. त्यांपैकी दोघे जिवंत बाहेर आले नाहीत : महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा.

कस्तुरबांचा जन्म १८६९ साली पोरबंदरास झाला. तेराव्या वर्षाच्या सुमारास लग्न, अक्षरओळख बेताची. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी त्यांचे चरित्र मुलांना सांगताना आफ्रिकेतील दोन प्रसंग वगळू नयेत, कारण दोहोंत आपण ख्रिस्ती लोक आहोत. डर्बनच्या घरी गांधीजींचा एक कारकून राही. तो अस्पृश्य आईबापांच्या पोटी जन्मलेला ख्रिस्ती. त्याच्या खोलीतील लघवीचे भांडे उचलणे बांना जड गेले. त्यांनी ते उचलले, पण रडत. ते हसतमुखाने व्हावे म्हणून गांधीजी इतके संतापले की हात धरून त्यांना फाटकापर्यंत ओढीत नेले. पुढे स्वतः गांधीजींनीच हे लिहून ठेवले आहे.

दुसरा प्रसंग १९१३चा. केपच्या न्यायालयाने ख्रिस्ती विधीने न झालेले व सरकारदरबारी न नोंदलेले विवाह कायदेशीर नाहीत असा निकाल दिला. हजारो हिंदी स्त्रिया एका दिवसात बेकायदा ठरल्या. हे आपल्या धर्माच्या नावाने झाले, हे आम्हास मान खाली घालून सांगावे लागते. बा सत्याग्रहात उतरल्या आणि तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगून, हाडांचा सापळा होऊन परतल्या.

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे गांधीजींना मुंबईत पकडण्यात आले. त्या संध्याकाळी शिवाजी पार्कच्या सभेत बा बोलणार होत्या. वाटेतच त्यांना अटक झाली. दोन दिवस आर्थर रोडच्या तुरुंगात काढून त्या पुण्यास आल्या. वाडा मोठा, पण भोवती काटेरी तार आणि पहारा. १५ ऑगस्टला महादेवभाई हृदयविकाराने गेले. त्यांना आवारातच अग्नी दिला. ती जागा बांना महादेवाचे देऊळ झाली. सत्तरी ओलांडलेले गांधीजी त्यांना भूगोल आणि गुजराती शिकवीत. राजधान्यांची नावे काही बांच्या ध्यानात राहत नसत. कॅरम मात्र त्या आवडीने खेळत.

१९४३च्या अखेरीस हृदयाचा विकार बळावला. सरकारने सुटका केली नाही. वैद्यांना बोलावण्याची परवानगीही रेंगाळली. शिवशर्मा वैद्य आले, तेव्हा त्यांना रात्री फाटकाबाहेर मोटारीत निजावे लागले. धाकटे पुत्र देवदास यांच्या खटपटीने पेनिसिलिन आले होते, पण आता बांना सुया टोचून त्रास देऊ नये असे गांधीजींनी ठरविले. हा निर्णय आमच्या मनाला पटत नाही. मरणशय्येशी बसलेल्याचा न्याय दुरून करणेही बरे नव्हे. २२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, पतीच्या मांडीवर त्यांनी प्राण सोडला. दुसऱ्या दिवशी महादेवभाईंच्या शेजारीच चिता रचली. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी त्यांच्या अंगावर होती. त्या वेळच्या प्रार्थनेत गीता व कुराणाबरोबर आपले पवित्र शास्त्रही वाचले गेले.

६ मे रोजी गांधीजी सुटले. निघण्यापूर्वी ते दोन्ही समाध्यांवर फुले वाहून आले. बांच्या नावाने खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्यासाठी ७५ लाखांचा निधी जमविण्याचे ठरले, आणि लोकांनी त्याहून अधिक दिले. त्यातूनच कस्तुरबा ट्रस्टचे काम उभे राहिले. वाडा १९६९ साली आगाखानांनी राष्ट्रास अर्पण केला. नगर रस्त्यावर तो आज सर्वांस पाहता येतो. पुढची दालने पाहून लोक परततात. समाध्या मागच्या बाजूस आहेत, तेथपर्यंत चालत जावे.