फ्लॅशलाइट नाही, बॅटरी नाही, तरी पोटावर दिवे! दिवेवाल्या माशाला नाव देणाऱ्या अल्कॉकची गोष्ट



रात्री होटगी जंक्शनला गाडीची वाट बघत बसलोय, बाकाखाली चप्पल सापडेना म्हणून मोबाईलचा टॉर्च लावला. पाच-दहा मिनिटं तो तसाच चालू राहिला तर काय होतं, हे तुम्हाला माहीतच आहे. फोनची पाठ गरम लागते आणि बॅटरी भराभर उतरते. एलईडी कितीही चांगला असला तरी त्याला दिलेल्या विजेतला मोठा भाग उष्णतेत जातो.

आता असा एक जीव डोळ्यांसमोर आणा, जो बोटाएवढा आहे, ज्याच्या पोटावर आणि कुशीवर दिव्यांच्या रांगा आहेत, जे रोज पेटतात आणि तरी अजिबात तापत नाहीत. हा मासा आपल्याच अरबी समुद्रात आहे, तोही कोट्यवधी टनांनी. त्याचं शास्त्रीय नाव बेंथोसेमा टेरोटम. हे नाव पुस्तकात नीट लिहिलेलं असेल तर पुढे कंसात अजून दोन गोष्टी दिसतात : अल्कॉक, १८९०.

हा अल्कॉक कोण? आज आपण त्याचीच गोष्ट बघणार आहोत.

बापाचे पैसे बुडाले, शाळा सुटली

आल्फ्रेड विल्यम अल्कॉकचा जन्म २३ जून १८५९ रोजी मुंबईत झाला. वडील जहाजाचे कप्तान. पोराला शिकायला इंग्लंडला पाठवलं, चांगल्या शाळा मिळाल्या. पण १८७६ मध्ये वडिलांना व्यवसायात मोठा फटका बसला आणि सतरा वर्षांच्या आल्फ्रेडची शाळा अर्धवट सुटली. त्याची रवानगी पुन्हा भारतात, केरळातल्या वायनाडला झाली. तिथे नातेवाइकांचे कॉफीचे मळे होते.

मळ्यात काम फार नव्हतं, जंगल मात्र भरपूर होतं. पोरगा जंगलात भटकू लागला. मग कॉफीचा धंदाही बसला. तो कोलकात्याला एका दलालाच्या कचेरीत कारकून झाला, तर ती कचेरीही बंद पडली. पुढची दोन वर्षं, म्हणजे १८७८ ते १८८०, तो बंगालमधल्या पुरुलियात होता. काम काय? आसामच्या चहामळ्यांसाठी मजूर भरती करणं.

हे काम काही अभिमानाने सांगावं असं नव्हतं. गरीब माणसांना करारावर सही किंवा अंगठा करायला लावून शेकडो मैल दूर पाठवायचं, अशी ती यंत्रणा होती. मळ्यांवरचे हाल पुढे देशभर गाजले. अल्कॉक त्या यंत्रणेतला एक छोटा कर्मचारी होता. चरित्र सांगायचं तर हे पानही वाचायलाच हवं.

एका पुस्तकामुळे रूळ बदलला

होटगीच्या जुन्या लोकांना एक गोष्ट पक्की माहीत आहे. मोठ्या लाइनवरून येऊन विजापूर-गदगकडे जायचं असेल तर पूर्वी इथे उतरून मीटरगेजच्या गाडीत बसावं लागे. माणूस तोच, बोचकं तेच, पण इथून पुढे वेगळा रूळ.

अल्कॉकच्या आयुष्यात असं जंक्शन पुरुलियात आलं. डंकन कॅमेरॉन नावाच्या ओळखीच्या माणसाने जाताना त्याच्याकडे शरीरशास्त्राचं एक प्राथमिक पुस्तक ठेवलं. मायकेल फॉस्टरने नवशिक्यांसाठी लिहिलेलं ते छोटं पुस्तक होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर कुणीतरी जुना पेनड्राइव्ह विसरून जावा आणि त्यात आपल्या पुढच्या आयुष्याचा नकाशा निघावा, तसं झालं. शरीर कसं चालतं हे वाचून तो त्या विषयाच्या मागेच लागला. दार्जिलिंगच्या एका शाळेत त्याने मास्तरकी केली आणि मग १८८१ मध्ये थेट स्कॉटलंडच्या ॲबर्डीनला जाऊन वैद्यकीय शिक्षणाला बसला. वय बावीस. वर्गातली बाकीची पोरं शाळेतून सरळ आलेली, हा मात्र कॉफी, कारकुनी आणि मजूरभरती करून आलेला.

१८८५ मध्ये तो डॉक्टर झाला आणि त्याच वर्षी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये शिरला. सुरुवातीला वायव्य सरहद्दीवर शीख आणि पंजाबी पलटणींसोबत नोकरी झाली. मग १८८८ मध्ये त्याला हवी तशी जागा मिळाली : मरीन सर्व्हे ऑफ इंडियाच्या जहाजावर सर्जन-नॅचरलिस्ट. म्हणजे जहाजाचा डॉक्टर तोच आणि प्राणिशास्त्रज्ञही तोच.

मुंबईत बांधलेलं जहाज

जहाजाचं नाव इन्व्हेस्टिगेटर. मुंबईच्या गोदीत बांधलेली, दोन्ही बाजूंना चाकं असलेली ही आगबोट. तिचं खरं काम किनाऱ्यांचे आणि समुद्राच्या खोलीचे नकाशे बनवणं. खोल समुद्रात जाळं टाकून प्राणी गोळा करणं हे जोडकाम, तेही नकाशाच्या कामातून वेळ उरला तर.

खोल पाण्यात जाळं टाकणं म्हणजे तासन्‌तासांची मेहनत. आधी खोली मोजायची. मग मैलभर लांब तार सोडायची, जाळं तळाशी ओढायचं आणि वाफेच्या यंत्राने ती सगळी तार परत गुंडाळायची. तार तुटली तर जाळं गेलं. जाळं फाटलं तर दिवस गेला. जाळ्यात काही आलं तरी वर येईपर्यंत बहुतेक मासे मेलेले, खरवडलेले असायचे. खवले निघून गेलेले, रंग उडालेले. मग पटकन बघायचं, टिपायचं आणि स्पिरिटच्या बरणीत टाकायचं.

तार ओढणारे हात कुणाचे होते? रॉयल इंडियन मरीनच्या जहाजांवर रत्नागिरी जिल्ह्यातल्या खलाशांची भरती मोठी असे. बरणीवरच्या चिठ्ठीवर मात्र खलाशांची नावं लिहायची पद्धत नव्हती.

पावसाळ्यात सर्वेक्षण थांबायचं. तेव्हा नमुने कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये जायचे आणि अल्कॉक भिंग घेऊन बसायचा. १८८९-९० च्या मोसमात बंगालच्या उपसागरात मिळालेल्या माशांवर त्याने जो लेख लिहिला, त्यातच आपला दिवेवाला मासा पहिल्यांदा शास्त्राच्या वहीत चढला. नंतर कळलं की हाच मासा अरबी समुद्रातही आहे, आणि तिथे तर त्याचे थवेच्या थवे आहेत.

दिव्यांचा क्यूआर कोड

आता थोडं टेक्निकल बघू.

या माशांच्या घराण्याला इंग्रजीत लँटर्नफिश म्हणतात, आपण कंदीलमासे म्हणू. जगात यांच्या सुमारे २५० जाती आहेत. सगळ्या दिसायला जवळजवळ सारख्या : मोठे डोळे, बोथट तोंड, चांदीसारखं अंग. मग ओळखायचे कसे? दिव्यांवरून. प्रत्येक जातीत पोटावर, कुशीवर, शेपटीजवळ किती दिवे आणि कुठे, हे ठरलेलं असतं. क्यूआर कोडमधले ठिपके जरा इकडचे तिकडे झाले की वेगळीच लिंक उघडते, तसंच इथे एखादा दिवा वरच्या ओळीत गेला की जात बदलते. आजही संशोधक हे ठिपके मोजूनच जात ठरवतात.

दिवा पेटतो कसा? यात वीज नाही. ल्युसिफेरीन नावाचा पदार्थ ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि ल्युसिफरेज नावाचं एन्झाइम ही क्रिया घडवून आणतं. त्यातून जी ऊर्जा सुटते ती प्रकाश म्हणून बाहेर पडते आणि उष्णता जवळपास जाणवतच नाही. फ्रान्समध्ये राफाएल द्युब्वा यांनी १८८०च्या दशकात हे दोन भाग वेगळे करून दाखवले होते. म्हणजे अल्कॉक जहाजावर चढला तेव्हा हे ज्ञान अगदी ताजं होतं. मे-जूनमध्ये भंडारदरा-पुरुषवाडीला काजवे बघायला गेला असाल तर याच तत्त्वाचा प्रकाश तुम्ही पाहिलाय. काजव्याचं रसायन वेगळं, पण युक्ती तीच.

माशाचा ऑटो-ब्राइटनेस

आता खरी गंमत. आपण दिवा लावतो दिसावं म्हणून. कंदीलमासा पोटाचे दिवे लावतो ते दिसू नये म्हणून!

कसं ते बघा. २००-३०० मीटर खोलीवर वरून अगदी मंद निळा उजेड येतो. पाण्यात लाल रंग आधी संपतो आणि निळा सगळ्यात खोल जातो, म्हणून तो निळा. खाली टपलेला शिकारी वर बघतो तेव्हा त्याला माशाची काळी सावली दिसते. खिडकीसमोर उभ्या माणसाचा फोटो काढला की तो काळा येतो ना, तसंच. मग हा मासा पोटाचे दिवे लावतो, वरून येणाऱ्या उजेडाइतकेच निळे आणि इतकेच मंद. सावली पुसली जाते आणि मासा पार्श्वभूमीत मिसळून जातो. वरचा उजेड कमी झाला की दिवे मंद, वाढला की तेज. तुमच्या फोनचा सेन्सर आजूबाजूचा उजेड बघून स्क्रीन ॲडजस्ट करतो, तेच काम.

दिवसा हा मासा खोल पाण्यात राहतो आणि संध्याकाळ झाली की खायला वर येतो. पाच सेंटिमीटरचा मासा २०० मीटर चढला तर ते त्याच्या लांबीच्या चार हजार पट झालं. पाच-साडेपाच फुटांच्या माणसाने हाच हिशेब केला तर जवळपास सात किलोमीटर होतात, म्हणजे होटगीहून सोलापूरची निम्मी वाट. रोज संध्याकाळी वर आणि रोज पहाटे खाली.

हे थवे इतके दाट असतात की जहाजाच्या सोनारला समुद्राचा तळच वर आल्यासारखा वाटतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या फसव्या तळाने भल्याभल्यांना गोंधळात टाकलं होतं. रात्री हा तळ वर सरकतो आणि पहाटे खाली जातो, हे बघून लोकांच्या लक्षात आलं की हा जिवंत आहे.

संग्रहालय, मग लंडन

अल्कॉक १८९२ पर्यंत जहाजावर होता. १८९३ मध्ये तो इंडियन म्युझियमचा प्रमुख झाला. १८९५ मध्ये पामीरच्या सीमा आयोगासोबत तो डोंगरातही जाऊन आला. भारतीय समुद्रांतल्या खेकड्यांवर त्याने मोठं काम केलं, १८९९ मध्ये खोल समुद्रातल्या भारतीय माशांची सूची काढली आणि १९०२ मध्ये जहाजावरच्या चार वर्षांचं पुस्तक लिहिलं. १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला फेलो केलं. सतराव्या वर्षी शाळा सुटलेल्या पोरासाठी ही छोटी गोष्ट नव्हती.

इन्व्हेस्टिगेटरच्या प्राण्यांची चित्रं छापली गेली, ती आजही बघण्यासारखी आहेत. फोटोवर काम भागत नव्हतं. एकेक काटा, एकेक खवला हाताने काढावा लागे. त्या चित्रांखाली ए. सी. चौधरी आणि एस. सी. मंडल या दोन बंगाली चित्रकारांची नावं आहेत. खलाशांची नावं राहिली नाहीत, पण निदान या दोघांची राहिली.

१९०६ मध्ये अल्कॉकने संग्रहालय सोडलं. पुढे लंडनच्या ट्रॉपिकल मेडिसिनच्या शाळेत तो डास, माश्या, गोचीड अशा रोग पसरवणाऱ्या जिवांबद्दल डॉक्टरांना शिकवू लागला. समुद्र मागे राहिला. २४ मार्च १९३३ रोजी इंग्लंडमध्ये त्याचं निधन झालं.

आता हे आपल्याला का माहीत हवं?

कारण गोष्ट अजून संपलेली नाही. १९७०च्या दशकात नॉर्वेच्या संशोधन जहाजाने अरबी समुद्रात मोजणी केली, तेव्हा उत्तर भागातल्या अशा माशांचा अंदाज सुमारे १० कोटी टनांपर्यंत गेला. नंतरच्या मोजण्यांत आकडे वर-खाली झाले, पण मासा प्रचंड आहे यात वाद नाही. आणि त्यात सगळ्यात जास्त कोण? अल्कॉकने नाव दिलेला तोच बोटभर मासा. आपल्या 'सागर संपदा' जहाजानेही अरबी समुद्रात या माशांचा अभ्यास केलाय.

एवढा मासा दिसला की पहिला प्रश्न येतो : पकडायचा का? माणसं तो फारशी खात नाहीत, पण कोंबड्यांचं आणि मत्स्यशेतीचं खाद्य, तेल यासाठी त्याच्यावर नजर आहे. दुसरी बाजू अशी, की ट्यूनासारखे मोठे मासे, माकूळ आणि डॉल्फिन यालाच खाऊन जगतात. शिवाय रात्री वर खाल्लेलं अन्न दिवसा खोल नेऊन हा मासा कार्बनही खाली पोचवतो. उपसून काढला तर कोकणातल्या मच्छीमाराच्या जाळ्यात येणाऱ्या मोठ्या माशाचं काय, हा प्रश्न उरतोच. निर्णय घेण्याआधी नीट मोजावं लागेल, आणि मोजायचं तर आधी जात ओळखावी लागेल. म्हणजे पुन्हा तेच : भिंग, ठिपके आणि १८९० सालचं ते वर्णन.

स्पिरिटच्या बरणीतल्या, रंग उडालेल्या एका छोट्या माशाचे दिवे कुणीतरी धीराने मोजून ठेवले होते, म्हणून आज आपण कोट्यवधी टनांचा हिशेब मांडू शकतो.

पुढच्या वेळी रात्री फोनचा ब्राइटनेस आपोआप कमी झाला, की या माशाची आठवण काढा. आणि घरात कुणाचं शिक्षण अर्धवट सुटलं असेल, तर त्याला मजूरभरतीच्या कचेरीतून रॉयल सोसायटीपर्यंत गेलेल्या या माणसाची गोष्ट नक्की सांगा. एखादं पुस्तकही त्याच्याजवळ विसरून या.