प्राध्यापक बाबासाहेब

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपल्या घरी आणि विहारात आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. महाडचे चवदार तळे, पुणे करार, संविधान आणि नागपूरची दीक्षाभूमी हे टप्पे लहान मुलांनाही मुखोद्गत असतात. त्या मानाने वर्गात उभे राहिलेले बाबासाहेब आपल्या कथनात क्वचितच येतात. वास्तविक आपल्या समाजाला बोलायला जड जाणारे विषय विद्यार्थ्यांसमोर मोकळेपणाने यावेत, यासाठी प्राध्यापक, प्राचार्य आणि संस्थापक या तिन्ही नात्यांनी ते झटले.

त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेत असे बोलणे नव्हते. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना गणित सोडवण्यास फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून मुलांनी ते घाईघाईने हलवले. याउलट अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी, डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, अवघ्या पंचवीस वर्षांच्या या तरुणाने भारतातील जातींवर निबंध वाचला. ज्या जातीने त्यांना छळले, तिची उत्पत्ती आणि यंत्रणा त्यांनी समाजशास्त्रज्ञाच्या तटस्थतेने मांडली. दुःखाचे असे अभ्यासात रूपांतर करणे सोपे नसते.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. वेतन दरमहा ४५० रुपये; बिऱ्हाड मात्र परळच्या बी.आय.टी. चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारात. आरंभी विद्यार्थ्यांनी या नव्या प्राध्यापकाला फारसे मनावर घेतले नाही. एक अस्पृश्य आपल्याला काय शिकवणार, अशी त्यांची भावना होती. बाबासाहेबांनी तिला उत्तर दिले ते कसून केलेल्या तयारीने. काही काळातच त्यांची व्याख्याने ऐकण्यासाठी अन्य महाविद्यालयांतील विद्यार्थीही येऊ लागले. परंतु प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. या पाण्याची कथा आपण नेहमी सांगतो आणि ती सांगितलीच पाहिजे. पण विद्यार्थी बदलले, ही तिची दुसरी बाजू सांगायला मात्र विसरतो. एकाच इमारतीत तरुण ऐकायला शिकत होते आणि विद्वान म्हणवणारे शिवाशीव पाळत होते. तरुण मनावर बाबासाहेबांचा भरवसा पुढे कायम राहिला, त्याचे एक मूळ मला येथे दिसते. मार्च १९२० मध्ये त्यांनी ही नोकरी सोडली आणि अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी ते लंडनला गेले.

परतल्यावर जुलै १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. सभेने १९२५ च्या आरंभी सोलापुरास वसतिगृह उघडले. तेथील विद्यार्थी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवीत. आपल्यासारख्या निवासी शाळेतील माणसांनी हे लक्षात घ्यावे, की निवास आणि भोजनाची सोय झाली म्हणजे काम संपले असे सभेने मानले नाही. मुलांनी लिहिते व्हावे, हेही त्यात आले.

१९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात येवल्यास त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. सरकारी महाविद्यालयाचे प्रमुखपद सांभाळणाऱ्या माणसाने असा विषय काढणे हे केवढे धाडस! पुढील वर्षी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने भाषणातील मजकूर वगळण्याचा आग्रह धरला. बाबासाहेबांनी नकार दिला, परिषद रद्द झाली आणि ते न झालेले भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. पुढच्या आवृत्तीत त्यांनी गांधीजींची टीकाही समाविष्ट केली व तिच्या सोबत आपले उत्तर दिले. विरोधकाचे म्हणणे वाचकांपासून दडवावे, असे त्यांना वाटले नाही.

असाच एक प्रसंग १९३४ मधला. गिरगाव चौपाटीवरील विल्सन महाविद्यालयात गणित शिकवणारे र. धों. कर्वे यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी ती नोकरी गमवावी लागली होती. त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात ते कामजीवनाविषयी वाचकांच्या खासगी शंकांना उत्तरे देत. त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. खटला ते हरले. कर्व्यांना दंड झाला. अस्पृश्यतेच्या प्रश्नाशी थेट संबंध नसलेला हा खटला त्यांनी का घेतला? लोकांना पडणारे प्रश्न लाजेखाली दडपू नयेत, जाणकाराने त्यांचे उत्तर द्यावे, हे तत्त्व त्यांना आपलेच वाटले असणार.

या साऱ्या अनुभवाला घर मिळाले ते सिद्धार्थ महाविद्यालयात. जुलै १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि जून १९४६ मध्ये मुंबईत, लष्कराच्या जुन्या बराकींत, महाविद्यालय सुरू झाले. नंतर ते फोर्टमध्ये आले. नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग भरत. संस्था मागासवर्गीयांच्या उन्नतीसाठी निघाली, तरी प्रवेश सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना होता. पहिले प्राचार्य होते अश्वत्थामाचार्य गजेंद्रगडकर, ब्राह्मण आणि संस्कृतचे पंडित. शाळेत ज्यांना संस्कृत घेऊ दिले नव्हते, त्या बाबासाहेबांनी आपल्या महाविद्यालयाची धुरा संस्कृतच्या अभ्यासकाकडे सोपवली. मनात अढी धरणाऱ्याकडून हे झाले नसते.

या महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरे. जानेवारी १९५० मध्ये, देशाचे कायदामंत्री असताना, बाबासाहेब या संसदेपुढे हिंदू कोड बिलावर बोलले. मुलीला वारसा, पत्नीला घटस्फोट, आंतरजातीय विवाहाला मान्यता हे विषय तेव्हा घरोघरी कलह माजवत होते. ते त्यांनी विशीतल्या मुलामुलींसमोर, पूर्ण गांभीर्याने, कायद्याच्या भाषेत मांडले. दिल्लीच्या संसदेत ते विधेयक रखडत गेले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.