जुन्या सिंथेसायझरचा आवाज नकलेतून येतो का? उत्तर रॉबर्ट मोगच्या गोष्टीत आहे

मिनीमोग नावाचा एक छोटा सिंथेसायझर १९७० साली आला. आज त्याचा जुना, चालू पीस घ्यायचा तर लाखो रुपये मोजावे लागतात. त्याच सर्किटवर बनवलेली नवी नक्कल मात्र त्याच्या कितीतरी कमी पैशात मिळते. मग आवाजही तोच मिळतो का?

त्यासाठी आधी तो बनवणाऱ्या रॉबर्ट मोगची गोष्ट बघू.

मोगचा जन्म १९३४ चा, न्यूयॉर्कचा. वडील इंजिनिअर. बापलेक मिळून घरीच थेरेमिन बनवायचे. थेरेमिन म्हणजे हात न लावता, नुसता हवेत हलवून वाजवायचं वाद्य. १९६४ मध्ये संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्यासोबत त्याने आपला पहिला सिंथेसायझर उभा केला. १९६८ मध्ये वेंडी कार्लोसचा 'स्विच्ड-ऑन बाख' हा अल्बम आला आणि मोगचं नाव जगभर झालं.

त्याची खरी कमाल होती लॅडर फिल्टर. शिडीच्या पायऱ्यांसारख्या रचलेल्या ट्रान्झिस्टरच्या जोड्या आवाजातला कर्कशपणा कापतात आणि आवाज जाड, गोलसर होतो. १९६९ मध्ये त्याला याचं पेटंट मिळालं.

गंमत म्हणजे, मिनीमोगमध्ये एक हिशोब चुकला होता. फिल्टरपर्यंत सिग्नल ठरवल्यापेक्षा जोरात पोहोचायचा आणि आवाज किंचित फाटायचा. वादकांना नेमकं तेच आवडलं. त्यात खोली तापली की सूर हलायचा, तो भाग वेगळाच.

पण धंदा मोगला जमला नाही. १९७१ मध्ये कंपनी दुसऱ्याच्या हातात गेली. १९७७ मध्ये तो बाहेर पडला, पण नाव कंपनीकडेच राहिलं. पुढची अनेक वर्षं तो नॉर्थ कॅरोलिनात 'बिग ब्रायर' या नावाने वाद्यं बनवत राहिला. स्वतःच्याच नावाचा हक्क त्याला मिळाला थेट २००२ मध्ये.

तेव्हा त्याने काय केलं? मिनीमोगची हुबेहूब नक्कल केली नाही. त्याने 'व्हॉयेजर' बनवला. ध्वनीचा मार्ग ॲनालॉगच, पण सूर स्थिर आणि आवाज साठवायला मेमरी. २००५ मध्ये ब्रेन ट्युमरने त्याचं निधन झालं.

आता मूळ प्रश्न. पेटंट कधीच संपलंय, त्यामुळे सर्किट कुणीही बनवू शकतं. चांगल्या नकलेत तो फिल्टर असतो, ती चूकसुद्धा असते. गाण्यात बाकीची वाद्यं वाजत असताना फरक ओळखणं भल्याभल्यांना जड जातं. फरक उरतो तो वयाचा. पन्नास वर्षांत प्रत्येक मशीनचे पार्ट वेगळे झिजले, काहींचे बदलले गेले. म्हणून दोन जुने मिनीमोगही एकमेकांसारखे वाजत नाहीत.

थोडक्यात, नक्कल मिनीमोगसारखी वाजू शकते. एखाद्या ठरावीक जुन्या मिनीमोगसारखी वाजणं मात्र अवघड आहे. तेवढ्यासाठी लाखो रुपये मोजायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. खुद्द मोगने तरी तसा हट्ट धरला नव्हता.